'नम्र हो' असं दुसऱ्याला सांगता येतं का?

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हालाही कळेल आणि इतर वाचणाऱ्यांनाही. तुम्ही ११ वर्षं मंडळीच्या (चर्चच्या) गायनवृंदाची तयारी करून घेता. उपासनेनंतर कोणी "किती सुंदर झालं" म्हणालं की तुम्ही लगेच "मी काहीच नाही, सगळं प्रभूचं" म्हणता. पण मनात गुदगुल्या होतात आणि रात्री त्या गुदगुल्यांचीच टोचणी लागते. यंदा नाताळच्या गीतांसाठी तुम्ही दोन महिने खपलात आणि आभार मानताना नाव भलत्याचंच घेतलं गेलं. मंडळीच्या एका वडिलांजवळ, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांजवळ, तुम्ही मन मोकळं केलंत, तर त्यांनी सांगितलं, "सेवकाने नम्र असावं." आता तुम्ही विचारताय की मला वाईट वाटलं तो माझा गर्व होता का, ख्रिस्ती माणसाची नम्रता म्हणजे नेमकं काय, आणि स्वतःला वळण लावायचं म्हणून एक वर्ष गाणं सोडून द्यावं का.

मी २६ वर्षं पाळक आहे. "नम्र कसं व्हावं?" असं विचारायला माझ्याकडे फारसं कोणी येत नाही. लोक येतात ते दुसऱ्या कोणीतरी "नम्र हो" असं सुनावल्यानंतर. तुमचंही तेच झालंय. म्हणून मुळातला प्रश्न मला असा दिसतो: नम्रता म्हणजे स्वतःबद्दल हलकं मत बाळगणं, की देवासमोर आणि माणसांसमोर आपली जी खरी जागा आहे तिथे उभं राहणं? पहिलं खरं असेल तर तुम्ही गप्प बसायला हवं होतं. दुसरं असेल तर तुमचं बोलणंही नम्रतेत बसू शकतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण तिथे पोहोचायला मला बरीच वर्षं लागली आणि त्या वाटेवर एक माणूस माझ्यामुळे दुखावला गेला. ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. तुमची मंडळी, ते वडील, ज्यांचं नाव घेतलं गेलं ती व्यक्ती, यातलं कोणीच मला माहीत नाही. आभार मानणाऱ्याच्या हातात चुकीचा कागद आला असेल, किंवा दरवर्षी हेच होत असेल. या दोन्हींत फार फरक आहे. तेव्हा जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं म्हणेन. निवाडा देणार नाही.

शब्दापासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'नम्र' बरोबरच 'लीन' हा शब्द पुष्कळ येतो. "मी मनाचा सौम्य व लीन आहे," असं येशू स्वतःबद्दल म्हणतो, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात. त्यामागचा ग्रीक शब्द आहे तापेइनोस, म्हणजे खालचा, सखल. त्या काळच्या ग्रीक बोलण्यात तो बहुधा हिणवायला वापरत. गुलामाची, दबलेल्या माणसाची ती अवस्था. तो काही कोणाचा सद्गुण नव्हता. जो शब्द लोक दुसऱ्याच्या तोंडावर फेकत, तो येशूने स्वतःहून आपल्याला लावून घेतला. इथे 'स्वतःहून' या शब्दाला मी फार महत्त्व देतो.

आता तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून एका गाणाऱ्या बाईकडेच चला. लूक १ मध्ये येशूची आई मरीया आपल्या नात्यातल्या अलीशिबेच्या घरी गाते. त्या गीतात ती म्हणते की देवाने आपल्या दासीच्या दैन्यावस्थेकडे पाहिलं. हा 'दैन्यावस्था' शब्द मुळात तापेइनोसचाच सख्खा भाऊ. म्हणजे "माझी नम्रता बघून देव खूश झाला" असं ती म्हणत नाही. ती म्हणते, मी होते खालीच, कोणाच्या खिजगणतीत नव्हते, आणि त्याने बघितलं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२१ मध्ये या गीतावर विवेचन लिहिलं, त्यात तो याच ठिकाणी थांबतो. मरीयेला अप्रूप आहे ते देवाच्या पाहण्याचं, स्वतःच्या गुणाचं नव्हे. आणि खऱ्या नम्र माणसाला आपण नम्र आहोत हे ठाऊकच नसतं, असंही तो सांगतो. पण मला त्याहून मजेदार वाटतं ते त्याच ओळीचं पुढचं अर्धं. मरीया लगेच म्हणते, यापुढे सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील. सर्व पिढ्या! "छे छे, मी कसली, माझं नाव नका घेऊ" असं काही नाही. खाली होते हेही खरं, लोक मला धन्य म्हणतील हेही खरं, आणि दोन्ही ती एका दमात गाऊन मोकळी होते.

आता तुमचं "मी काहीच नाही" घ्या. ताई, हे खरं आहे का? अल्टोवाल्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या, बायका कुठे घसरतात ते तुम्हाला ठाऊक असतं, कोणाला कोणाशेजारी उभं करायचं नाही हे तुम्हाला ठाऊक असतं. ११ वर्षांनी हे ज्याला येतं तो 'काहीच नाही' कसा? नम्रतेच्या नावाखाली आपण एक छोटंसं खोटं बोलतो. त्यावर समोरचा "असं कसं, असं कसं" म्हणतो, आणि एकाऐवजी दोनदा कौतुक पदरात पडतं. मी स्वतः हे कैक वर्षं केलं आहे, म्हणून सांगतो. उपदेशानंतर दाराशी उभा राहून "प्रभूने बोलवून घेतलं, मी निमित्त" म्हणायचो आणि समोरचा पुढे काय म्हणतो याकडे कान लावून असायचो.

येशूने एक दाखला सांगितला: धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोकांनी पापी ठरवलेला जकातदार, दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यात एक बारीक गोष्ट आहे, ती वाचताना आपल्या नजरेतून निसटते. परूशी आपल्या प्रार्थनेची सुरुवात कशी करतो? "हे देवा, मी तुझे आभार मानतो." श्रेय तोही देवालाच देतोय. वाक्य अगदी आपल्यासारखंच. बिघडलं ते पुढे, जेव्हा त्याची नजर शेजारच्या जकातदाराकडे गेली. तेव्हा 'सगळं प्रभूचं' हे वाक्य जिभेवर असल्याने काही सिद्ध होत नाही. मी स्वतःला तपासतो ते असं: माझ्या जागी दुसऱ्याने चांगला उपदेश केला, माझ्यापेक्षा चांगला, तर माझा आनंद किती वेळ टिकतो? कधी दिवसभर टिकतो. कधी दारापर्यंतही नाही.

कौतुक झाल्यावर काय करायचं, याचं माझं उत्तर फार साधं आहे. "धन्यवाद, ऐकून बरं वाटलं." पूर्णविराम. पुढे जोडायचंच असेल तर खरं काहीतरी जोडा: "तिसऱ्या कडव्याला पुरुषांनी फार मेहनत घेतली." आणि मनातल्या गुदगुल्या? त्या होणारच. चांगलं काम झाल्याचा आनंद हे पाप नाही. त्या आनंदाची खोली आतून कडी लावून बंद केली आणि आपणच त्यात बसून राहिलो, म्हणजे अडचण. रात्री प्रार्थनेत "प्रभू, मला आज खूप छान वाटलं" असं सरळ सांगून टाकावं. तुम्ही जे लपवताय ते देवाला नवीन नाही. टोचणी बरीचशी लपवण्याची असते, आनंदाची नसते.

नम्रता कुठून येते याबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते योहान १३ ने. येशू शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग. सगळ्यांना पंचा आणि घंगाळ आठवतं. त्याच्या आधीचं वाक्य फार थोड्यांना आठवतं. तिथे लिहिलंय की पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय, हे ओळखून येशू भोजनावरून उठला. हे ओळखून! म्हणजे "मी कोणी नाही" म्हणून तो वाकला नाही. आपण कोण आहोत याची पक्की खात्री होती, म्हणून वाकता आलं. ज्याला आपल्या जागेची खात्री नसते त्याला ती सारखी राखावी लागते, आणि राखणदाराला खाली बसता येत नाही.

मी दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी १२ जणांचे पाय धुतो. सांगायला लाज वाटते, पण कित्येक वर्षं तो माझा आवडता विधी होता, कारण त्यात मी फार चांगला दिसायचो. बाह्या वर, कमरेला पंचा, मंडळी स्तब्ध. समोरचे लोक बिचारे घरून पाय घासूनपुसून आलेले, तरी संकोचाने बोटं आखडून बसलेले. पाणी सातव्या-आठव्या माणसापर्यंत गार होतं आणि गुडघ्याखालची फरशी टोचायला लागते, एवढाच काय तो त्रास.

मग माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे खाली वाकणं बंद. पायाची नखं वाढली, मोज्यात अडकायला लागली. मंडळीतले एक गृहस्थ भेटायला आले होते, त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कुठूनसं नेलकटर शोधून काढलं आणि पलंगाच्या पायथ्याशी बसले. मी पाय मागे घेतला. "राहू द्या हो, मी करीन नंतर," म्हणालो. त्यांनी वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "का? आम्ही नाही बसत तुमच्यासमोर पाय पुढे करून?"

येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही नेमकं हेच म्हणाला होता ना, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. इतकी वर्षं मी ते वाक्य पेत्राची नम्रता म्हणून शिकवत आलो होतो. त्या दिवशी कळलं की तो गर्व होता, माझ्यासारखाच. देणाऱ्याच्या जागेवरून हलायला आपण तयार नसतो. नखं कापताना त्यांनी करंगळीचं नख जरा जास्तच कापलं, आठवडाभर दुखत होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर नम्रता खोट्या कमीपणातून येत नाही, ती खात्रीतून येते, आणि तिचं काम खरं बोलणं हे आहे. आता तुमच्या जखमेकडे वळतो, कारण याच कसोटीवर त्या वडिलांचं वाक्यही घासून बघायचं आहे.

प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, म्हणजे फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय २. नम्रतेवर उपदेश करायचा तर प्रत्येक पाळक इथेच येतो. लीनतेने एकमेकांना श्रेष्ठ माना. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. पण हे पत्र ज्या गावाला लिहिलं, त्या गावात पौलाने काय केलं होतं? प्रेषितांची कृत्ये १६ उघडा. फिलिप्पैत पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता भरचौकात छड्या मारल्या, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघं गीतं गात होते (बघा, पुन्हा गाणंच), भूकंप झाला, दारं उघडली, तुरुंगाचा नायक विश्वासात आला. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदार पाठवले: सोडून द्या त्यांना. कोणीही आनंदाने निघून गेला असता. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक, दोष ठरवल्याशिवाय आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी आले, त्यांची समजूत घातली, विनवण्या केल्या.

हाच तो माणूस, ज्याने पुढे काही वर्षांनी कैदेत असताना त्याच गावच्या मंडळीला 'लीन व्हा' असं लिहिलं. तिथल्या कोणालाही हसू आलं नसणार. कारण त्यांनी पाहिलं होतं की तो स्वतःचा अहंकार कुरवाळत नव्हता. सूड मागितला नाही, दाद मागत बसला नाही. लुदिया या तिथल्या विश्वासी बाईच्या घरी बंधुजनांना धीर दिला आणि गाव सोडलं. माझ्या वाचनाप्रमाणे, मागे उरणाऱ्या त्या कोवळ्या मंडळीवर 'गुन्हेगाराचे चेले' असा शिक्का राहू नये, हे त्याला हवं असावं. झालेलं चुकीचं होतं, एवढंच त्याला उघडपणे मान्य करून हवं होतं. येशूही तसाच. प्रमुख याजकासमोर एका कामदाराने चपराक मारली तेव्हा तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? योहान १८. तो प्रश्न विचारून तो गप्प झाला, पण प्रश्न विचारल्याशिवाय नाही.

म्हणून, ताई, "माझं नाव राहिलं, मला वाईट वाटलं" असं म्हणणं हा आपोआप गर्व होत नाही. त्यात गर्वाचा अंश असेलच, माणूस आहात. पण मन शंभर टक्के धुतलं गेल्यावरच खरं बोलायचं असं ठरवलं, तर जगात कोणीच कधी बोलणार नाही.

आणि 'नम्र हो' हे दुसऱ्याला सांगण्याबद्दल. मी पाळकपणाच्या आठव्या वर्षी एका तरुणाला हे सांगितलं होतं. वार्षिक सभा चालू होती. तो उठला आणि म्हणाला की गेल्या तीन तिमाहींचा दानाचा हिशेब वाचून दाखवलेला नाही, तो का नाही? आवाज शांत होता. मला ते झोंबलं, कारण हिशेबावर सही माझी होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाळा, आधी नम्र व्हायला शीक." दोन-चार ज्येष्ठांनी माना डोलावल्या. तो बसला. पुढच्या महिन्यापासून त्याचं येणं बंद झालं आणि मी मनात म्हणालो, बघा, गर्विष्ठच होता.

दोन वर्षांनी हिशेब नीट तपासले गेले. चोरी नव्हती, पण घोळ होता. पावत्या नव्हत्या, दोन नोंदी दोनदा झाल्या होत्या. सगळा माझा गलथानपणा. मी त्याच्या घरी गेलो, क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाळकबाबा, त्या सकाळी मी आरशासमोर अर्धा तास ते वाक्य म्हणून बघितलं होतं. आवाज चढू नये म्हणून."

त्या सभेत नम्र माणूस एकच होता, आणि मी त्याला खाली बसवलं.

तेव्हापासून हा शब्द मी दुसऱ्या कोणाला उद्देशून वापरत नाही. पौल ख्रिस्ताबद्दल लिहितो तेव्हा क्रियापदं बघा: त्याने स्वतःला रिक्त केलं, त्याने स्वतःला लीन केलं. कर्ताही तोच, कर्मही तोच. दुसऱ्याने करवलेल्याला मराठीत आपण नमवणं म्हणतो, आणि ते वेगळं. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने खालच्याला 'नम्र हो' म्हटलं की बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'मला अडचणीत आणू नकोस' एवढाच असतो. तुमच्या मंडळीच्या त्या वडिलांना ते कळत असेलच असं नाही. मलाही कळलं नव्हतं.

मग आता करायचं काय? त्याच पत्राचा चौथा अध्याय. फिलिप्पैत युवदीया आणि सुंतुखे नावाच्या दोन बहिणी होत्या, दोघी सुवार्तेच्या कामात पौलाच्या खांद्याला खांदा लावून झटलेल्या, आणि दोघींचं पटत नव्हतं. पौल लिहितो: युवदीयेला विनंती करतो, आणि सुंतुखेला विनंती करतो, की एकचित्त व्हा. 'विनंती करतो' हे त्याने दोनदा लिहिलं आहे, एकेकीसाठी वेगळं. एकीलाच समजावून विषय मिटवला नाही. आणि लगेच एका तिसऱ्या सोबत्याला सांगितलं की यांना मदत कर. म्हणजे दुसऱ्या अध्यायातलं, ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचं, नम्रतेचं ते थोर गीत काही हवेत लिहिलेलं नाही. मंडळीतल्या अशा ताणांच्या शेजारीच ते उभं आहे.

तुमच्या जागी मी असतो तर प्रथम ज्यांनी आभार मानले त्यांच्याशी एकट्याने बोललो असतो. मत्तय १८ मध्ये क्रम तोच आहे, आधी एकांतात. आणि बोलण्यात फक्त घडलेलं ठेवलं असतं: "गीतांची तयारी मी करून घेतली होती, नाव दुसऱ्यांचं आलं, मला वाईट वाटलं." '११ वर्षं' हे शब्द त्यात आणू नका. ते आणले की तक्रार एका संध्याकाळची राहत नाही, जुनं खातं उघडतं. चूक अनवधानाची असेल तर तिथेच संपेल, आणि मग तुम्हीही ती खरोखर संपवा. पुढच्या नाताळला काढू नका. ज्यांचं नाव घेतलं गेलं त्यांच्याबद्दल मनात काही साठलं असेल तर त्यांच्याशीही बोला. कदाचित त्या बिचाऱ्या महिनाभर तोंड चुकवत फिरत असतील. पण हे वारंवार, ठरवून होत असेल, तर तिसऱ्या माणसाला सोबत घ्या, आणि तो तुमच्या बाजूचाच नको, दोघांना धरून असणारा हवा.

एक मर्यादा इथे स्पष्ट लिहितो, कारण हे उत्तर इतरही कोणी वाचेल. एखाद्या घरात मारहाण होत असेल, किंवा मंडळीत कोणी आपल्या पदाचा वापर करून एखाद्याचं शोषण करत असेल, तर वरचं 'एकांतात बोला' हे तिथे लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा, विश्वासातली माणसं आणि कायदा. नम्रतेचा दाखला देऊन कोणी तिथे थांबायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, तो माझ्यासारखा पाळक असला तरी. तसंच काहींच्या मनात 'मी टाकाऊ आहे' हा आवाज अष्टौप्रहर चालू असतो. त्यांना 'स्वतःला कमी लेखा' सांगणं म्हणजे ताप आलेल्याला उन्हात बसवणं. तो आवाज झोप आणि जेवण खाऊ लागला असेल तर डॉक्टरांना दाखवावं. प्रार्थना त्याबरोबर चालू राहीलच. पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दिखाऊ नम्रतेबद्दल बजावलं आहे, देहाला छळणारी ती धर्मबुद्धी दिसते शहाणपणाची, पण उपयोगाची नाही, असं. त्यावर मी वेगळा उपदेश केला असता, पण इथे एवढंच पुरे.

राहिला शेवटचा प्रश्न, एक वर्ष गाणं सोडावं का.

याचं उत्तर खरोखर तुमच्यावर अवलंबून आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या इटलीतल्या ख्रिस्ती संन्याशाने मठासाठी नियम लिहिले. त्यात सातवा अध्याय नम्रतेच्या १२ पायऱ्यांचा, तो प्रसिद्ध आहे. पण मला कामाचे वाटतात ते दुसरेच दोन. तिसऱ्या अध्यायात तो मठाधिपतीला सांगतो की महत्त्वाचा निर्णय असेल तर सगळ्या बंधूंना बोलाव, कारण अधिक चांगलं काय ते प्रभू पुष्कळदा धाकट्यालाच प्रकट करतो. हे मी त्या वार्षिक सभेच्या आधी वाचायला हवं होतं. आणि ५७व्या अध्यायात तो कारागिरांबद्दल लिहितो. ज्याला कसब आहे त्याने ते नम्रतेने करावं. पण आपल्या कसबामुळे आपण मठावर उपकार करतोय असं एखाद्याला वाटायला लागलं, तर त्याला त्या कामावरून उठवावं.

कसोटी त्याने नेमकी ठेवली आहे. तुम्हाला गाणं आवडतं, कौतुक आवडतं, यावर तो काही म्हणत नाही. 'माझे उपकार आहेत' हे वाटतंय का, एवढंच बघतो. तुमच्या पत्रात मला ते दिसलं नाही, पण पत्रात सगळं दिसत नसतं. तुम्हीच बघा. मनात "मी नसते तर यांचं काय झालं असतं" हे वाक्य वरचेवर येतं का? येत असेल तर थोडं थांबणं बरं. आणि "मी नसले की कळेल यांना" हे येत असेल, तर मात्र मुळीच सोडू नका, कारण मग ते थांबणं नव्हे, रुसणं आहे. त्या एका वर्षात तुम्ही रोज खिडकीतून बघाल की बोलवायला कोणी येतंय का.

निर्णय आत्ताच घेऊ नका, जखम ओली आहे. त्याऐवजी एक करून बघा. येत्या महिन्यातला एक रविवार गायनवृंद दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, शक्यतो ज्यांचं नाव घेतलं गेलं त्यांच्याच. तालमीत ढवळाढवळ करू नका. रविवारी मागच्या बाकावर बसा आणि मंडळीबरोबर गा, अल्टो सोडून साधी चाल. कुठेतरी कोणीतरी सूर चुकेल, तुमचा हात आपोआप उचलला जाईल. तो मांडीवर ठेवा. आणि उपासना झाल्यावर त्यांना जाऊन सांगा, तिसरं कडवं छान झालं, जर खरंच झालं असेल तर.

घरी गेल्यावर कसं वाटलं ते मला लिहा. मग वर्षाचं बोलू.